फॉर्मॅटला नाही म्हणणारे अण्णा

ज्या घरात 'फॉर्मॅट' हा शब्द निघेल त्या घरात अण्णा पाणीसुद्धा पीत नसत. हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या शेजारच्या नागपूरकर देशपांड्याचा कॉम्प्युटर बसला होता, अण्णा खुर्चीवर टेकले होते, कॉफी समोर आली होती, आणि देशपांडे सहज बोलून गेला, "अण्णा, फॉर्मॅटच मारून टाकू का?" अण्णांनी आपला स्टीलचा डबा उचलला, चपला घातल्या आणि चालू लागले. दुसऱ्या दिवशी देशपांड्याने घरी जाऊन माफी मागितली, तेव्हा कुठे त्याचा कॉम्प्युटर सुरू झाला.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. बंगळूरच्या इंदिरानगरात आमच्यासारखे पुण्या-नागपूरकडचे सॉफ्टवेअरवाले वाढत चालले होते आणि काहीही बिघडलं की आम्हाला एकच औषध ठाऊक होतं: सगळं पुसा, नव्याने भरा. टेलिफोनच्या कारखान्यातून निवृत्त झालेले अण्णा म्हणत, "सुम्ने, उगाच कशाला पुसायचं? ताप आला म्हणून कोण माणूस जाळतंय काय रे?" त्यांचं घराणं तीनशे वर्षं इथलं. मराठीत कन्नड इतकं मुरलेलं की आम्ही पाठीमागे त्यांची नक्कल करून हसायचो. पण मशीन अडलं की हसणारे सगळे त्यांच्याच दारात उभे. त्या चपट्या डब्यात एकच फ्लॉपी असे, मलमलीच्या फडक्यात गुंडाळलेली.

माझी पाळी आली गणपतीच्या नऊ दिवस आधी. एका मासिकाबरोबर फुकट आलेल्या सीडीवरून मी विंडोजच्या शेजारी लिनक्स हे दुसरं सिस्टिम सॉफ्टवेअर बसवलं होतं. पंधरा दिवस ऑफिसात मिरवून घेतलं, मग जागा पुरेना म्हणून ते काढून टाकलं. मशीन पुन्हा सुरू केलं तर काळ्या पडद्यावर 'एल' आणि 'आय' अशी दोन इंग्रजी अक्षरं उमटली, आणि पुढे काहीच नाही. आत मराठी मंडळाच्या गणपतीसाठी लिहिलेलं माझं नाटक अडकलं होतं. दोन महिन्यांची मेहनत. शेवटचा प्रवेश जमत नव्हता म्हणून प्रिंट काढला नव्हता, आणि फ्लॉपीवर कॉपी घेणारच होतो. ऑफिसातल्या चार इंजिनियरांनी एकमताने फॉर्मॅट सुचवलं. मी रडकुंडीला येऊन अण्णांना गाठलं.

ते रविवारी दुपारी आले. त्या दोन अक्षरांकडे बराच वेळ बघत राहिले.

"भाडेकरूला घालवलंस, सरी, ठीक आहे. पण फाटकावरचा वॉचमन त्याचा होता की. त्याला हुकूम देणारा गेला. आता तो नुसता उभा राहिलाय, घरमालकालाही आत सोडेना."

"म्हणजे नाटक गेलं?"

"घर जागेवर आहे रे. वॉचमन बदलायचा, झालं. स्वल्प थांब."

फ्लॉपी आत गेली. एका बोटाने, अक्षर शोधून शोधून, अण्णांनी एकच ओळ टाइप केली. फ्लॉपी काढून मशीन पुन्हा सुरू केलं, आणि पडद्यावर विंडोजचे ढग आले. चार इंजिनियरांना जे जमलं नाही ते या माणसाने एका ओळीत केलं होतं. मी खरोखरच त्यांच्या पाया पडलो.

अण्णा मात्र उठेनात. "पेशंट चार पावलं चालल्याशिवाय मी घरी जात नाही. कुठलं ते नाटक? उघड."

आता खरी पंचाईत झाली. नाटकात हशा पिकवायला मी एक बंगळुरी घरमालकीण घातली होती, आणि तिची सगळी वाक्यं अण्णांच्या तोंडून उचलली होती.

"असेल हो नीट, अण्णा. कॉफी घेता?"

"उघड की."

उघडलं. ते वाचू लागले आणि मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. तीन पानं झाल्यावर ते थांबले.

"हे माझं बोलणं आहे."

"चुकलं अण्णा. आत्ता पुसून टाकतो."

"पुसायचं नाव काढू नकोस." मग त्यांनी पडद्यावरच्या एका वाक्यावर बोट ठेवलं. "पण ही बाई माझ्यासारखी बोलायली. आमच्या बायका अशा बोलत नाहीत. 'जेवायला या' असं सरळ कधी म्हणायची नाही ती. 'सारू गार व्हायलंय की ओ,' म्हणायची. लिहून घे."

ती म्हणजे त्यांची बायको. चार वर्षांपूर्वी गेली होती.

"मुलगा-सून इंग्रजीत बोलतात, नातवंडं कन्नडात. त्यात वाईट काय नाही. पण ती गेल्यावर हे बोलणं माझ्याशी कोण बोलतंय? तू लिहिलंस, बरं केलंस."

मला माझी लाज वाटली. त्यानंतर अण्णा रोज तालमीला येऊ लागले. घरमालकिणीचं काम कोथरूडची एक मुलगी करत होती. तिला त्यांनी शब्द दिले, सूर दिला, पदराला हात कुठे पुसायचा तेही दाखवलं. चुकली की रागावत नसत. पुन्हा म्हणून दाखवायला लावत, आणि बरोबर आलं तरी आणखी एकदा म्हणायला लावत.

प्रयोगाला हॉल भरला होता. मी अण्णांच्या मागच्या रांगेत बसलो होतो. घरमालकीण उंबऱ्यात आली, कमरेवर हात ठेवून म्हणाली, "किती वेळ एकटेच बसलाय ओ बाहेर? आत या की." सगळा हॉल हसला.

अण्णा हसले नाहीत. स्टेजवरची नजर न काढता, अगदी हळू आवाजात ते म्हणाले, "आलो, आलो."