मिठाचे कोठीतील रेघेची हकीकत

श्री. अन्नास चव देणारी जी अन्नपूर्णा, तिचे चरणी मस्तक ठेवोन लिहितो ऐसे जे, शके सोळाशे एक्याण्णव, विरोधी नाम संवत्सरी, एके राज्यी मिठाच्या दोन कोठ्या होत्या. वरले पेठेची कोठी नारो बापूजी यांजकडे आणि खालले पेठेची सगुणाबाई यांजकडे होती. बाईंचे यजमान कोठीवर असता वारले, तेव्हा महाराजांनी कृपाळू होऊन काम बाईंसच सांगितले. मीठ समुद्रकाठाहून लमाणांचे तांड्यावर येई आणि निरोप धाडिल्यापासोन वीस रोज लागत. म्हणोन बाईंनी भिंतीस गेरूची रेघ वोढिली, की रास तेथवर उतरताच निरोप घेऊन जासूद रवाना व्हावा. लोणच्याचे दिवस आले म्हणजे खप वाढे, तेव्हा बाई रेघ हातभर वर चढवीत, आणि खप मंदावला म्हणजे खाली आणीत. नारोपंतांस हा अंदाज साधेना. कधी कोठी तुडुंब आणि निम्मे मीठ पावसात पाझरोन जाई, कधी कोठी रिती आणि बाया मडकी घेऊन खालले पेठेस जात. मग महाराजांनी भरदरबारी बाईंस पैठणी दिली आणि नारोपंत घरी येऊन जेवले नाहीत. कुटुंबास बोलिले, "पंचवीस वर्षे मी कोठी राखिली, मज कोणी उपरणेही दिले नाही. आणि हिने एक रेघ वोढिली!"

चैत्रात बाई लेकीचे बाळंतपणास गेल्या आणि कारकून दुलबाजीस सांगोन गेल्या की रेघेवर नजर ठेवणे. नारोपंत पाहणीचे निमित्ते आले, आणि दुलबाजी पाणी आणावयास गेला इतक्यात रेघ पुसोन दोन हात खाली वोढिली. रेघ नेहमीच वरखाली होई, म्हणोन दुलबाजीस वाटले की बाईच जाताना खाली आणोन गेल्या. मग वैशाखी लोणची घातली, आणि त्यातच ढोरांस लाळ्या रोग आला, तोंडे धुवावयास घरोघर मीठ लागले आणि कोठीत खडा उरला नाही. जासूद तर नुकताच गेलेला. बाई धावत परतल्या, आणि वरले पेठेची कोठी तेव्हा भरलेली म्हणोन नारोपंतांचे दारी उभ्या राहिल्या. "पंत, चाळीस गोणी द्या, जनावरे हंबरताहेत." पंत बोलिले, "पाहोन सांगतो. परवा या." त्या दोन रोजांत साठ ढोरे मेली.

महाराज कोपले आणि दुलबाजीस बेडी घाला म्हणाले. बाई पुढे होऊन बोलिल्या, "महाराज, रेघ माझी. जाताना मीच चुकीची वोढिली. त्याने सांगितले तेवढे केले." सभा गहिवरली. कोणी म्हणे धन्य ती माउली, आणि महाराजांचेही डोळे भरले. ते पाहोन नारोपंतांचे अंगाचा तिळपापड जाहला, की चुकली म्हणते तरी शाबासी हिचीच! आणि न राहवोन ओरडले, "खोटे बोलते! रेघ मी पुसली, मी!"

बाई हळूच बोलिल्या, "पंत, रेघ माझे हातची नव्हे हे मी येताच ओळखिले होते. परंतु कोणाची, ते ठाऊक नव्हते."

मग महाराजांनी दोन्ही कोठ्या बाईंस सांगितल्या आणि नारोपंतांस त्यांचे हाताखाली दिले. पंतांनी अकरा वर्षे बाईंचे सांगण्याप्रमाणे रेघ वोढिली, आणि राज्यात मीठ कधी तुटले नाही. बाईंचा मत्सर मात्र पंतांनी मरेतो केला. इतकी हकीकत जाहली ती लिहिली असे.