भिडू बदला!

राणेकाका गार्डनमध्ये कुणालाही मनगट धरून ओढत नेतात. अजून पोलीस तक्रार झालेली नाही, हे आमच्या बेव्हर्ली पार्क कॉलनीचं मोठेपण.

नेतात ते गेटजवळच्या नव्या स्क्रीनकडे. लोकांनी मोबाइलमधून मान वर काढावी, समोरासमोर बोलावं, म्हणून ती उभी केलीय. दोघांनी दोन बाजूंना पंजे टेकवायचे, की ती बाईच्या आवाजात प्रश्न विचारते. दोघांनी उत्तर दिलं की टाळ्या. एकट्यानेच पंजा ठेवला तर घोकत बसते, ‘जोडीदाराची प्रतीक्षा आहे.’

"ओ मेहताभाई, हाथ लगाव! वॉकिंग कल करना!" काका ओरडतात. स्वतःचे पाय मात्र सारखे हलत असतात, खाली चटके बसल्यासारखे. समोरच्याचं उत्तर झालं, यांची पाळी आली, की "भिडू बदला!" म्हणत तिसऱ्याला पुढे ढकलून हे पसार. महिन्याभरात अख्ख्या गार्डनला एकमेकांच्या बीपीच्या गोळ्या पाठ झाल्या. काकांचं कुणालाच काही ठाऊक नाही.

मी आमच्या घराण्यातली पहिली ग्रॅज्युएट, त्यामुळे बिल्डिंगचे सगळे अर्ज माझ्याकडे येतात. एके सकाळी काका दारात.

"ग्रॅज्युएट, लिही. स्क्रीनवाल्या कंपनीला. म्हणावं, जोडीदार काढा, भिडू घाला."

"का पण?"

"लोक बायकोला आणायला घरी जातात! खेळात भिडू असतो. साधं मराठी येत नाही यांना!"

मी व्याकरणासकट अर्ज लिहिला. तीनदा. उत्तर नाही. काका रोज जिन्यात अडवायचे, "आलं का?"

परवा संध्याकाळी टीव्हीवर मॅच होती, गार्डन रिकामं. मी गेटमधून आत शिरले तर काका एकटेच स्क्रीनवर पंजा टेकवून उभे. पाय चक्क स्थिर.

‘जोडीदाराची प्रतीक्षा आहे.’

"अगं, नाही येणार ती," काका हळूच म्हणाले. "गेली ना ती. किती वेळा सांगू?"

मी तीन अर्ज लिहिले होते, पण ‘का’ एकदाच विचारलं होतं. गुपचूप जाऊन दुसऱ्या बाजूला पंजा ठेवला. प्रश्न आला, ‘आज जेवायला काय केलंत?’

"वरणभात, बोंबील," मी म्हटलं.

"भिडू ब..." काकांनी मागे पाहिलं. ढकलायला कुणीच नव्हतं. पाय पुन्हा चुळबुळायला लागले. मी पंजा काढला नाही.

"एकट्यासाठी कुकर लावायचा कंटाळा येतो गं," ते म्हणाले. "फरसाण खाल्लं."

स्क्रीनने जोरात टाळ्या वाजवल्या.