बटणावरचा अंगठा

बायकोशी मोठं खोटं बोलायचं नाही, हा नियम मी लग्नापासून पाळत आलो. (लहान किती बोललो ते विचारू नका. आम्हा हेडक्लार्कांना सगळ्याच नोंदी ठेवायची सवय नसते.) त्या मंगळवारी डॉक्टरांनी मला समोर बसवून सांगितलं की गळ्यातली गाठ चांगली दिसत नाही, पाच आठवड्यांनी काढू, आणि काढताना आवाज जाऊ शकतो. घरी आलो तर ही भाजी निवडत होती. डॉक्टर काय म्हणाले, असं तिने विचारलं. मी म्हटलं, सर्दीने सुजलंय. रिपोर्ट कपाटात स्वेटरांच्या खाली सरकवला आणि ठरवलं, रविवारी सांगू.

रविवारी सांगणं टाळायचं तर घराबाहेर पडणं भाग होतं. ऑफिसात जादा काम आहे असं सांगून निघालो, समोर आली त्या बसमध्ये बसलो आणि शेवटच्या थांब्यावर उतरलो. तिथे गवताचं एक मैदान होतं आणि मैदानावर चार-पाच मायक्रोलाइट विमानं उभी होती. विमान म्हणजे काय, तर तीन चाकांवर एकामागे एक दोन खुर्च्या, मागे पंखा आणि डोक्यावर तंबूच्या कापडाचा पंख. ज्याला जगायचं आहे असा माणूस त्यात बसणार नाही. मी फॉर्म मागितला.

माणसं फार प्रेमळ होती. मला कुणी काही विचारलं नाही, आधी चहा दिला. मैदानाला टॉवर नव्हता, म्हणून खोलीत रेडिओपाशी बसणाऱ्या म्हाताऱ्या मेकॅनिकलाच सगळे 'टॉवर' म्हणत. शिकवायला एक मॅडम होत्या, माझ्या पुतणीच्या वयाच्या. त्या मला पहिल्या मिनिटापासून काका म्हणू लागल्या. फॉर्मवर 'काही आजार?' असा रकाना होता. तिथे मी सुवाच्य अक्षरात 'नाही' लिहिलं.

मॅडम मागे बसायच्या, मी पुढे. हातात एक आडवा दांडा. तो पुढे ढकलला की विमान वर जातं आणि जवळ ओढला की खाली. डावीकडे जायचं तर दांडा उजवीकडे. घाबरलेला माणूस जे जे करतो ते सगळं इथे उलट होतं. पहिल्या रविवारी मी जमीन दिसली की दांडा छातीशी कवटाळत होतो, आणि मॅडम मागून शांतपणे सांगत होत्या की काका, आपण आता तिकडेच चाललोय. दुसऱ्या रविवारी फक्त ओकलो. त्याला प्रगती म्हणाले.

तिसऱ्या रविवारी आमच्या ऑफिसातला शिपाई हिला बाजारात भेटला आणि रविवारी ऑफिसला कुलूप असतं हे सांगून मोकळा झाला. माझ्या शर्टाच्या खिशात तिला मैदानाचं कार्ड सापडलं, मागे मॅडमचं नाव आणि वेळ. ही रिक्षा करून तिथे पोचली तेव्हा मी नुकताच वर गेलो होतो. टॉवरने तिला खुर्ची दिली, चहा दिला आणि कौतुकाने रेडिओशेजारी बसवलं.

आता या दांड्यावर एक बटण असतं. ते दाबून बोललं की सगळ्या मैदानाला ऐकू जातं, आणि दाबलेलं असेपर्यंत दुसऱ्या कुणाला बोलता येत नाही. त्या दिवशी वारा होता. भीतीने मी दांडा असा आवळला होता की माझा अंगठा त्या बटणावरच रुतून बसला. मॅडम काय बोलतात ते खाली जात नव्हतं. फक्त मी जात होतो.

त्यामुळे हिने आधी ऐकलं ते असं: "मॅडम, इतकं जवळ ओढू? घट्ट धरलंय, आता सोडवत नाही." टॉवरने म्हणे हिच्यासमोर बिस्किटं ठेवली.

मग मॅडमनी विचारलं की काका, आज गप्प का? दीड हजार फुटांवर, दोन्ही पाय हवेत असताना, मी सगळं सांगून टाकलं. गाठ, रिपोर्ट, स्वेटर. मरणाचं एवढं काही वाटत नाही, पण आमच्याकडे जेवताना बोलतो तो मीच; आवाज गेला तर ही जेवायला बसेल तेव्हा घरात नुसता चमच्यांचा आवाज येईल, तो तिला सोसवणार नाही, हे सांगितलं. रडलोही. रडता रडता हिच्या आईची काचेची बरणी गेल्या वर्षी मीच फोडली आणि आळ मांजरावर घातला, हेही सांगितलं.

मॅडमनी तिथूनच विमान वळवलं. फॉर्मवर खोटं लिहिल्याबद्दल त्या जे बोलल्या ते त्यांच्या वयाला शोभणारं नव्हतं, पण माझ्या वागण्याला शोभणारं होतं. मी डोळे पुसायला हात काढला. त्याच क्षणी कानात टॉवरचा आवाज आला.

"काका, आता त्या बटणाला हात लावू नका. काकू इथेच बसल्यात."

मैदानावर तीन विमानं घिरट्या घालत होती. माझ्यामुळे कुणाला उतरायचं विचारताच आलं नव्हतं.

उतरलो. ही गवतावर उभी होती. डोळे लाल, पर्स दोन्ही हातांनी धरलेली.

"त्या मांजराला मी चार महिने दूध घातलं नाही," ती म्हणाली. मग म्हणाली, "चला. रिपोर्ट दाखवा."

घरी तिने तो तीनदा वाचला. नंतर स्वयंपाकघरात नळ सोडून उभी राहिली, आणि नळाखाली एकही भांडं नव्हतं. मी दारापर्यंत गेलो. मग आत जाऊन नळ बंद केला.

ऑपरेशन झालं. गाठ वाईटच निघाली, पण पसरली नव्हती. आवाज मात्र गेला. सहा महिन्यांत येईल, कदाचित पूर्ण येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. जेवताना आता ही बोलते. दिवसभरातलं सगळं मला सांगते, मध्येच थांबून माझ्या तोंडाकडे बघते आणि पुन्हा सुरू करते. मी वहीत उत्तरं लिहितो. इतकी वर्षं तिला एवढं बोलायचं होतं, हे मला ठाऊकच नव्हतं.

चौथ्या महिन्यात डॉक्टरांनी उडायची परवानगी लिहून दिली. ही बरोबर आली, आणि फॉर्म या वेळी तिने भरला. मी वर गेलो. अर्धा तास तोंडातून अक्षर नाही. मॅडम सांगत होत्या, मी ऐकत होतो, आणि त्यांनी हात न लावता मी विमान गवतावर अलगद टेकवलं. टॉवर खोलीबाहेर येऊन टाळ्या वाजवत होता.

मॅडमनी हेल्मेट काढलं आणि हिला बाजूला घेतलं. डॉक्टरांना विचारून बघा, त्या हळू आवाजात म्हणाल्या, आवाज यायला अजून थोडा उशीर चालत असेल, तर काका चांगले पायलट होतील.

हिने लगेच विचारलं, "किती उशीर?"