श्रावणातलं मीठ

सीजीपीए कसा वाचवायचा, हे चंदनला कोणी शिकवायची गरजच नव्हती! पाच सेमिस्टर पुस्तकाला हात न लावता गडी पाच पूर्णांक नऊपर्यंत पोचला होता. आता हवे होते फक्त सहा. सहाच्या खालच्या पोरांना कंपनीवाले इंटरव्ह्यूला दारातही उभं करत नाहीत. इकडे घरी मात्र नोकरीचे पेढे कुठल्या दुकानातून आणायचे, तेसुद्धा ठरून गेलं होतं.

म्हणून त्याने सगळ्यात सोपा विषय घेतला, 'भाईंदरची मिठागरं'. एक प्रोजेक्ट लिहायचा, तोंडी द्यायची, संपलं!

"आपण भाईंदरच्या मोरवा गावचे! आजोबांचा जन्म गेला मिठागरात," तो कॅन्टीनमध्ये सांगायचा. "घरचाच सब्जेक्ट आहे यार, बसल्या बसल्या दहापैकी दहा!"

त्या आजोबांना मात्र त्याने एक अक्षर विचारलं नाही. महिपत आजोबा ओटीवर बसलेले असायचे आणि हा त्यांच्या पायांवरून उडी मारून बाहेर पडायचा. शेवटची तारीख उलटून गेली, तेव्हा त्याने मनोरमा मॅडमसमोर डोळे चोळले. "मॅडम, आजोबा गेले हो!" मॅडम हळव्या, त्यांनी दहा दिवस वाढवून दिले. मग मोबाइलला विचारून एका दुपारीत प्रोजेक्ट तयार झाला. पहिल्या पानावर लिहिलं, 'मला मिठाची चव शिकवणाऱ्या कैलासवासी आजोबांच्या स्मृतीस.' वाचून लबाडाला स्वतःलाच भरून आलं!

तोंडीच्या दिवशी मॅडम म्हणाल्या, "आज मार्क द्यायला बाहेरून जाणकार आलेत. सुरुचीने शोधलेत."

वर्गातली शांती नगरची सुरुची दोन महिने दर रविवारी मोरव्याच्या देवळात बसून कुणा म्हाताऱ्याचं बोलणं लिहून घेत होती. चंदन तिला पोटभर हसलाही होता.

दार उघडलं. इस्त्रीचा सदरा, हातात काठी. महिपत आजोबा!

चंदनला पळून जावंसं वाटलं, पण दारात तेच उभे. मॅडमना काय ठाऊक? दोघंही पाटील, पण मोरव्यात पाटील घरोघरी. मॅडमनी चंदनचा प्रोजेक्ट वाचायला घेतला. "ऐन श्रावणात मिठाच्या राशी ओढल्या जातात..."

"श्रावनात?" आजोबा म्हणाले. "पावसात मीठ ऱ्हातं का रं? निसता चिखल हाय तवा!"

वर्ग खदखदून हसला.

"हसू नका, नुकतेच आजोबा वारलेत त्याचे," असं म्हणून मॅडमनी पहिलं पान मोठ्याने वाचलं.

आजोबा नातवाकडे बघत राहिले. त्यांनी काठी उगारली असती तरी त्याला बरं वाटलं असतं.

"बाबा, किती मार्क देऊ याला?"

"मना कशाला इचारता? मी तं मेलोय."

मॅडमना कळायला अर्धं मिनिट लागलं. मग मात्र त्यांचा हळवेपणा संपला. सोमवारपर्यंत सगळं नव्याने लिहून आण, नाहीतर शून्य! शून्य म्हणजे सहा विसरायचे आणि नोकरीही.

त्या संध्याकाळी चंदन जन्मात पहिल्यांदा ओटीवर आजोबांशेजारी टेकला, वही उघडून. "आजोबा, सांगा ना मिठाचं."

"लय वरसं वाट बगितली, तू इचारशील म्हनून," आजोबा काठी टेकत उठले. "आता समदं त्या पोरीला सांगून झालं. तिचीच वही माग. पयल्याच पानावर लिवलंय तिनं, वाचून दाखवलं मना. 'महिपतबाबा, वय ब्याऐंशी, हयात.' तेवढं तरी नीट उतरून घे."