डॉक्टरीणबाईंच्या टाकीतला तपकिरी शेंबूड

"मी आधी चष्मा लावतो, मग छडा लावतो," असं भिंगमामा स्वतःबद्दल सांगत. कुणी विचारलं नाही तरी सांगत. त्यांचं चष्म्याचं दुकान होतं आणि काउंटरमागे त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली होती: 'कुशाग्र बुद्धी, करडी नजर, अचूक तर्क. चौकशी आत.' आत त्यांची भाची काचा घासत बसायची. तीच मामांची सहायक, तीच कारकून आणि फजितीनंतर माफी मागायलाही तीच. मामांनी आजवर सात प्रकरणं हाती घेतली होती. सातही सुटली होती, हातातून.

आठवं प्रकरण घेऊन आल्या दातांच्या डॉक्टरीणबाई. आल्या होत्या वाचायच्या चष्म्यासाठी, पण फ्रेम निवडता निवडता त्यांचे डोळे भरून आले.

"घरी समुद्राच्या पाण्याची टाकी आहे हो. दोन मासे, थोडे प्रवाळ, गोगलगायी. चार महिने झाले, वाळूवर चिकट तपकिरी थर धरतोय, अगदी शेंबूड. बुडबुड्यांसकट! सकाळी खरवडून काढला की दुपारी पुन्हा हजर. पाच गोगलगायी गेल्या. आता महिनाअखेरीस टाकी मोडूनच टाकते."

मामांनी भुवया जवळ आणल्या. "तुम्हाला कोणी पाण्यात पाहतं का?"

"पाण्यात? दोन मासे."

भाचीने वहीत लिहिलं: संशयित दोन.

बाईंच्या घरी टाकीची काच इतकी लख्ख होती, की मामांचं कपाळ थेट तिच्यावर आपटलं. शेजारी खुर्चीत बाईंचे सासरे बसले होते. बायको गेल्यापासून त्यांचा दिवस त्या खुर्चीतच जायचा. माशांना ते थोरला आणि धाकटी म्हणत. टाकी मोडायचा विषय निघाला तसे ते उठून गॅलरीत गेले. भाचीला ते बघून कसंसंच झालं. बाई मात्र दगड घासायचा टूथब्रश दाखवत होत्या. "मऊ केसांचा आहे. दिवसाआड पाणीही बदलते. माझ्याकडून कसूर नाही."

"कसूर बाहेरून आहे," मामा म्हणाले.

त्यांचा पहिला संशय वरच्या मजल्यावरच्या रंगाऱ्यावर गेला, कारण त्याच्या पँटवर तपकिरी डाग होते. मामांनी त्याला जिन्यात अडवलं. तो गेली दोन वर्षं फक्त पांढरा रंग मारत होता. डाग चहाचे निघाले.

मग थोरल्याची पाळी आली. "बघ, नजर चुकवतोय," मामा म्हणाले आणि त्यांनी अर्धा तास त्याची उलटतपासणी घेतली. मासा तोंड उघडत होता, मिटत होता. "कबुली देतोय, पण आवाज येत नाही."

"डोळ्यांत तेल घालून बघा," भाची म्हणाली.

"तेच तर घातलंय. म्हणून धूसर दिसतंय."

आठवडा गेला. एका दुपारी भाचीने वाकून वाळू बघितली. शेंबूड निम्म्यावर आला होता. मामांचा चेहरा गंभीर झाला. "पाहिलंस? गुन्हेगार पुरावे नष्ट करतोय!"

दुसऱ्या दिवशी बाई दवाखान्यात असताना मामा पडद्याआड उभे राहिले. पडदा गुडघ्यापर्यंतच होता. सासऱ्यांनी खाली दिसणाऱ्या बुटांकडे एकदा पाहिलं, तरीही खिशातून डबी काढली आणि टाकीत काहीतरी सोडलं. मामा पडद्यासकट झेपावले आणि त्यांनी म्हाताऱ्याचं मनगट पकडलं. "सापडला!"

भाचीने फोन केला तशा बाई हातमोज्यांसकट धावत आल्या.

"बाबा! तुम्ही खायला घालताय? आठवड्यातून दोनदा, चिमूटभर, असं सांगितलं होतं ना मी?"

"अगं, पोटं आत गेली होती त्यांची," सासरे म्हणाले. "मला बघवेना. दहा दिवस झाले, रोज दोनदा घालतोय."

दहा दिवस! भाचीने वाळूकडे पाहिलं, मग आपल्या वहीकडे: खाणं वाढलं तसाच शेंबूड घटला होता. तिने मामांना न विचारता शोभेचे मासे विकणाऱ्या दुकानदाराला फोन लावला. स्पीकरवर.

"पाण्यात नायट्रेट किती?" दुकानदाराने विचारलं.

"शून्य! सहा महिने सलग शून्य," बाई ताठ होत म्हणाल्या.

"अहो ताई, शून्य म्हणजे उपासमार! नायट्रेट म्हणजे पाण्यातलं खत. ते थोडं असलं, की साधं शेवाळ आणि चांगले जंतू टिकतात, जागा धरून ठेवतात. तुम्ही सगळंच घासून नेलंत, मग मोकळ्या मैदानात ही चिकट जात माजली. ब्रश ठेवा, पाणी बदलणं थांबवा, माशांना नीट जेवू घाला, त्यांच्या विष्ठेतूनच ते खत पाण्यात येतं. उरलंसुरलं जात नसेल, तर तीन दिवस दिवे बंद ठेवा."

बाईंची दातखीळ बसली. चार महिने त्या ब्रश घेऊन ज्याच्या मागे लागल्या होत्या, त्याला त्यांनीच घर करून दिलं होतं. त्या टाकीपाशी जमिनीवरच बसल्या. "म्हणजे मीच?"

"जीव लावूनच केलंस ना," सासरे म्हणाले. "जरा जास्त लावलास, एवढंच. मोडायची नाही ना आता?"

बाईंनी 'नाही' अशी मान हलवली.

मामांनी घसा खाकरला. "स्वच्छतेवर माझा पहिल्यापासूनच संशय होता."

भाचीने हे लिहिलं नाही.

"असेल की," सासरे शांतपणे म्हणाले, "पण आता मनगट सोडा, साहेब. धाकटीचं अजून जेवण व्हायचंय."