खाशांची टाच आणि दोन सुखतळे यांची बखर

ज्यांचे आधारे राव आणि रंक उभे राहतात त्या उभय टाचांस आधी दंडवत करोन, वर्तमान यथामती लिहितो ऐसे जे: शके १७०९, प्लवंगनाम संवत्सरी, आश्विनमासी महाराजांची उजवी टाच दुखो लागली. प्रातःकाळी पलंगाखाली पहिले पाऊल ठेविता खासे ऐसे ओरडत की पीलखान्यात हत्ती जागे होत, आणि मग वैद्य तेल चोळीत, आणि मग दुसरे दिवशी हत्ती पुन्हा जागे होत. दसरा तोंडावर आला. त्या राज्याची रीत ऐसी की दसऱ्यास राजाने आपले पायी चालोन शीव ओलांडावी. न ओलांडल्यास राज्य मेहुण्याचे. आणि मेहुणे रंगोजीराव यांणी तर शिंप्यास बोलावून राज्याभिषेकाचा अंगरखा शिवून घेतला होता.

मग मसलत बसली. वैद्य म्हणाले, जोड्यात मऊ सुखतळा घालावा. येथवर सर्वांचे एकमत जाहले आणि येथेच ते संपले. दिवाण कोनेरपंत म्हणाले, "कारागीर आणवून, ओल्या मातीत पाऊल उमटवून, नेमक्या मापाचा घडवावा." राणी सगुणाबाईसाहेब म्हणाल्या, "पेठेत दाबल्या लोकरीच्या नमद्याचे तयार मिळतात. लहान, मधला, मोठा. आधी ते तर घालून पाहा." तेव्हां महाराज रागे भरोन बोलिले, "जे कोणाचेही पायी बसते ते आमचे पायी काय बसावे?" आणि मापाचा हुकूम सुटला. बाईसाहेबांनी दासीस मात्र पेठेत धाडिले.

कारागीर माती घेऊन हजर जाहला. आता दरबारचा शिरस्ता ऐसा की महाराजांस जे रुचणार नाही ते प्रतिनिधी सूर्याजी नाईक यांणी करावे. एकादशीस उपाशी सूर्याजी, काढा प्यावयास सूर्याजी, रटाळ पाहुण्यापुढे माना डोलवावयास सूर्याजी. मग थंडगार चिखलात पाय घालावयास दुसरे कोण असावे? कोनेरपंतांनी बेलाशक सूर्याजींचे पाय मातीत रोविले, आणि कोणासही त्यात वावगे दिसले नाही, आणि सुखतळे ऐसे अचूक घडले की कारागिराने आपणच त्यांची दृष्ट काढिली.

दसऱ्यास चौघडे वाजले, तबकातून सुखतळे आले, खाशांनी जोडे चढविले आणि "आई गं!" म्हणाले. कोनेरपंत म्हणाले, "मापाची वस्तू आहे महाराज, सवयीने बसेल." मग स्वारी लंगडत लंगडत शिवेच्या अलीकडे आली आणि दगडावर बसली, आणि डोळां पाणी आले. रंगोजीरावांनी हळूच अंगरख्याची घडी मोडिली. महाराजांनी सुखतळे उपसोन फेकिले, ते सूर्याजींनी उचलोन सहज आपले जोड्यात घातले, आणि काय सांगावे! गडी हरणासारखा उडाला तो एका दमात शिवेपार.

"तुला बसले कैसे?" महाराजांनी पुसले.

"सरकार, मातीत पाय माझेच होते की!"

कोनेरपंतांनी तेवढ्यात संधी साधिली. "प्रतिनिधी गेला म्हणजे राजा गेला! पालखी आणा!" रंगोजीराव गर्जले, "उपासाचे चालले, पावलाचे चालणार नाही! टाच राजाचीच हवी!" मग ऐसा गलका जाहला की कोणाचे कोणास ऐकू येईना, आणि त्या गलक्यात बाईसाहेबांनी पदराआडून पेठेचे सुखतळे काढिले.

"मधला आहे. पुढून थोडा कातरला आहे. आता तरी घाला."

महाराजांनी घातले, डोळे मिटोन एक पाऊल टाकिले. ओरड निघाली नाही. हत्ती झोपलेलेच राहिले. मग दुसरे टाकिले, आणि मग खासे मोठ्याने हासो लागले. पालखीचे भोई आडवे आले त्यांस म्हणाले, "व्हा बाजूला! आजवर आमचे सारे सूर्याजीने केले, दुखणे तेवढे आम्ही भोगिले. आता चालणे तरी आमचे आम्हांस चालू द्या!" आणि धावत शीव ओलांडिली, आणि रयतेने पागोटी उडविली, आणि रंगोजीरावांचा अंगरखा सूर्याजींस इनाम जाहला. तो बाह्यांत आखूड पडला, माप दुसऱ्याचे होते म्हणोन.

तात्पर्य: मापाचा सुखतळा वाईट नव्हे आणि पेठेचा हलका नव्हे, परंतु ज्याची टाच दुखे त्याने पाय आपला पुढे करावा. इतके लिहोन लेखक जोडे घालितो.