करप्यापासून सावधान!

संशोधन लोकांपर्यंत पोहोचत नाही, ही जगाची जुनी तक्रार मी पाच मिनिटांत मिटवणार होतो! साल चौऱ्याण्णव. प्रबंध कोण वाचतो? पण पाच मिनिटांचा व्हिडिओ काढून गावोगाव टीव्हीवर दाखवला, की काम झालं.

नगरकडच्या अकोले तालुक्याच्या डोंगरांत तीन वर्षं हिंडून मी करपा रोगाला दाद न देणारं भाताचं बियाणं निवडलं होतं. जमलं एक मापटं. ते जूनमध्ये पेरायचं, आकडे काढायचे आणि डॉक्टर व्हायचं. त्याचा दुसरा दाणा जगात नव्हता.

शूटिंगला कानिफनाथ मिळाला. तालुक्यातली झाडून सगळी लग्नं त्यानेच टिपलेली. मी मुक्कामाला असायचो त्या चांगुणाबाईंच्या अंगणात त्याने हॅलोजन पेटवला आणि पंचवीस माणसं जमली. बायका तर ठेवणीतली लुगडी नेसून आल्या होत्या. विज्ञानाची एवढी ओढ पाहून मला भरून आलं.

"सर, तुमच्या मागं खुराडं दिसतंय," कानिफनाथ म्हणाला. "बरं न्हाई दिसत."

दोघांनी माझ्यामागे पांढरं धोतर आडवं धरलं.

"आन् ही मान्सं नुस्ती हुबी हाईत. त्यांच्या हातात कायतरी द्या की!"

"बियाणं देऊ?"

"द्या! मूठ-मूठ द्या. भरल्यावानी दिसंल."

शास्त्र लोकांच्या हाती गेलं पाहिजे, असं मी नेहमीच म्हणतो. मापटं रिकामं झालं.

"शूटिंग झालं की परत द्यायचं हं," मी बजावलं.

"परत?" चांगुणाबाई हसल्या. "आसं आस्तंय व्हय कुटं?"

तेव्हाच मला कळायला हवं होतं!

कॅमेरा सुरू झाला. मी घसा खाकरला आणि पाठ केलेलं वाक्य चढ्या आवाजात म्हटलं, "शेतकरी बंधू-भगिनींनो, करपा रोगापासून... सावधान!"

पंचवीस मुठी माझ्या डोक्यावर सुटल्या! धोतरवाल्यांनी सवयीने धोतर बाजूला ओढलं. त्यामागून अकरा कोंबड्या बाहेर पडल्या आणि थेट पंगतीला बसल्या.

"वाचवा! अहो, वाचवा!" मी ओरडलो.

"वाजवा म्हंत्यात!" मागून कोणीतरी म्हणालं आणि पत्र्याचा डबा बडवायला लागलं.

दोन मिनिटांत तीन वर्षं संपली. मला रडूच फुटलं, खोटं कशाला सांगू? चांगुणाबाईंनी पाठीवरून हात फिरवला.

"उगी, सर. नवरीनं रडावं, नवऱ्यानं न्हाई."

कानिफनाथने तेवढं जवळून टिपलं.

एस.टी.त बसल्यावर डोकं खाजवलं, तर केसांतून सोळा दाणे निघाले. तेच पेरले, तेच वाढवले आणि प्रबंध दोन वर्षं उशिरा दिला. 'बियाणे कोठून मिळाले' या रकान्यात मी प्रामाणिकपणे लिहिलं : सोळा दाणे, संशोधकाच्या डोक्यातून.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या सरांनी ते दोनदा वाचलं, चष्मा पुसला आणि विचारलं, "पाच वर्षांत डोक्यातून एवढंच निघालं?"

मी हो म्हणालो.